फोटो दरवेळी धुरकट येतोय? ट्रेक असो की कोकणातला किनारा, आधी धूर नक्की कुठे आहे ते बघा

जून लागला की हा प्रश्न ठरलेला. नाणेघाट झाला, हरिश्चंद्रगड झाला, कॅमेरा चांगला होता, लेन्स तर हप्त्यावर घेतलेली, आणि घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर सगळं दुधाळ, डोंगराची कडा विरघळलेली, आकाश आणि दरी एकच. मग दिवाळीच्या सुट्टीत कोकणात गेलं की परत तेच, फक्त आता धबधब्याऐवजी समुद्र. कोणी सांगतं यूव्ही फिल्टर लाव, कोणी म्हणतं लेन्स बदल, कोणी म्हणतं काही नाही रे, एडिटिंगमधली धूसरपणा घालवायची डीहेझची पट्टी ओढ आणि मोकळा हो. अडचण अशी आहे की धुरकट फोटो दिसायला सगळे सारखेच, पण कारणं निदान चार-पाच असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, कधीकधी उलटाच पडतो. म्हणून उपाय मागायच्या आधी धूर कुठे आहे ते बघायचं. काचेवर बाहेरून आहे, काचेच्या आत आहे, समोरच्या हवेत आहे, की कुठेच नाहीये आणि फोटो नुसताच हललाय.

हे बघायला दोन मिनिटं लागतात पण ते तिथेच जागेवर करायचं, घरी येऊन कळून उपयोग नाही.

दोन-तीन मीटरवरच्या एखाद्या दगडाचा नाहीतर मित्राच्या बुटाचा फोटो काढा. बूट कडक, रंग नीट, आणि मागचा डोंगरच तेवढा फिका असेल तर तुमच्या काचेचा काही दोष नाही, हवा तशी आहे. बूटसुद्धा दुधाळ आला तर गडबड काचेवर किंवा काचेच्या आत आहे. आणि बुटाचे रंग, काळा भाग सगळं व्यवस्थित आहे पण कडा दुहेरी किंवा मऊ आहेत तर तो धूर नाहीच, फोकस किंवा हात. यानंतर सूर्य ज्या बाजूला आहे तिकडून लेन्सवर तळहाताची सावली धरा, हात फ्रेममध्ये येऊ न देता, आणि स्क्रीनवर बघा. सावली धरल्याबरोबर काळा भाग खरोखर काळा दिसायला लागला तर बहुधा काच मळलेली आहे आणि तिरपा उजेड तिच्यावर पसरतोय. शेवटी लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरपी धरून दोन्ही बाजूंनी बघा, अर्थात पाऊस नसेल तरच. पुढची आणि मागची काच पुसूनही आत ढग दिसत असेल तर तो आतला मामला.

आता एकेक घेऊ. सगळ्यात जास्त ज्याने लोक हैराण होतात ते आधी.

काचेवर वाफ धरणे

मुंबई-पुण्याहून रात्री निघायचं, एसी गाडीत कॅमेऱ्याची सॅक पायाशी, पहाटे पायथ्याच्या गावात उतरलं की पहिलं काम काय तर कॅमेरा बाहेर काढून धुक्यातल्या शेताचा फोटो. आणि लेन्स क्षणात पांढरी. गाडीत समजा २२ अंश होतं आणि बाहेर २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण २५ अंशाला असतो, म्हणजे २५ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणारच, आणि तुमची लेन्स २२ वर आहे. फ्रिजमधली बाटली बाहेर काढल्यावर तिला घाम सुटतो तेच हे. इथे पुसून काही होत नाही, पुसलं की परत धरतं कारण काच अजून गारच आहे, वर सगळा ओलावा फडक्यात जातो आणि पुढच्या दिवसभराला तुमच्याकडे कोरडं फडकं राहत नाही.

उपाय एकदम साधा आणि फुकट आहे पण तो गाडीत असतानाच करावा लागतो. उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी कॅमेरा झिपलॉक पिशवीत हवा काढून बंद करायचा, उतरल्यावर पिशवी न उघडता सॅकमध्ये तसाच ठेवायचा आणि चहा-पोहे होईपर्यंत हात लावायचा नाही. पाणी धरलं तर पिशवीच्या बाहेरून धरेल. कॅमेरा बाहेरच्या हवेइतका कोमट झाला की काढा. ड्रायव्हरदादांना सांगून शेवटचा तासभर एसी बंद करून काचा खाली केल्या तर आणखी सोपं, फक्त बाकीची मंडळी ऐकतील का हा वेगळा विषय.

परतीच्या वेळी उलटं होतं म्हणून लोक निर्धास्त असतात, गरम कॅमेरा गार गाडीत आला तर बाहेरून वाफ धरत नाही. पण तो भिजलेला कॅमेरा तसाच बंद सॅकमध्ये, सोबत ओला पोंचो आणि ओले मोजे, हे मात्र करू नका, ते पुढे बुरशीत येतं त्याबद्दल खाली बोलू.

वाफ धरायचे आणखी दोन प्रसंग आहेत जे लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे वर माथ्यावर वाऱ्यात तासभर उभं राहून मग गुहेत शिरणं. हजार मीटर चढलात की तापमान ५-६ अंशांनी उतरलेलं असतं, कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, तिथे पावसात आणि वाऱ्यात कॅमेरा चांगला गारठतो, आणि मग गुहेत तीस-चाळीस माणसं, कोणाची तरी मॅगी शिजतेय, सगळ्यांचे ओले कपडे वाफाळतायत. तिथे कॅमेरा उघडला की झालंच. गुहेत जाताना झिप बंद. दुसरा प्रसंग म्हणजे पाठीवरची सॅक. घामाने भिजलेल्या पाठीला चिकटलेल्या कप्प्यात गरम दमट हवा भरलेली असते, झिप उघडली की ती हवा बाहेरच्या गारव्यात जाऊन लगेच काचेवर बसते. कॅमेरा पाठीकडच्या कप्प्यात न ठेवता पुढे छातीवरच्या छोट्या पाऊचमध्ये असला तर हा त्रास बराच कमी होतो.

रात्री तारे काढणाऱ्यांना वेगळंच दव छळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ, वारा पडलेला, रतनगडावर नाहीतर साल्हेरच्या पठारावर कॅमेरा तासभर आकाशाकडे तोंड करून ठेवला की पुढची काच आपली उष्णता वर सोडत बसते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, मग दव तिच्यावर पडतंच. स्टार ट्रेलचे, म्हणजे ताऱ्यांच्या रेघांसाठी सलग काढलेले, पहिले पंचवीस फोटो झकास आणि पुढचे सगळे हळूहळू धूसर होत गेलेले असतील तर कारण हेच, दुसरं काही शोधू नका. यावर फडकं चालत नाही, काच किंचित कोमट ठेवावी लागते. पॉवरबँकवर चालणारी हीटरची पट्टी मिळते ती लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळायची, किंवा हात शेकायच्या केमिकलच्या पुड्या मिळतात त्या रबरबँडने लेन्सला बांधायच्या. आणि हूड, म्हणजे लेन्सच्या पुढची झडप, लावलेला हवा, दव थांबत नाही पण उशिरा धरतं.

वारा आणि थेंब

ही वाफ नव्हे, हे सरळ पाणी. नाणेघाटात किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाऊस वरून येत नाही, खालून येतो. कोकणातून आलेला वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि धबधब्याचं पाणीच उलटं वर फेकतो, ते बघायलाच तर आपण जातो, पण त्या वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की पुढची काच पाच सेकंदांत थेंबांनी भरते. छत्रीचा काही उपयोग नाही, तिचा उलटा कप होतो आणि कड्याच्या काठावर छत्री सांभाळणं हे धोकादायकही आहे.

इथे काम असं करायचं. फ्रेम, एक्स्पोजर, फोकस सगळं लेन्सचं झाकण लावायच्या आधी ठरवून घ्यायचं किंवा वाऱ्याकडे पाठ करून ठरवायचं, मग झाकण लावून वळायचं, झाकण काढायचं, तीन-चार फोटो पटापट काढायचे, झाकण लावायचं, परत पाठ करायची. ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) असेल तर थेंब फुंकून उडवा, पुसण्यापेक्षा बरं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. आणि मायक्रोफायबरची फडकी एक नाही, चार-पाच न्या, प्रत्येक वेगळ्या झिपलॉकमध्ये, एक ओलं झालं की ते खालच्या खिशात, परत त्याला हात नाही. कॅमेऱ्याची बॉडी पुसायला जुना सुती पंचा सगळ्यात चांगला, पण तो लेन्सच्या काचेला लावू नका, त्यात माती असते.

शक्य असेल तिथे वाऱ्याला काटकोनात उभं राहून फोटो काढा, कड्याचा बाजूने काढलेला फोटो तसाही समोरून काढलेल्यापेक्षा जास्त खोल दिसतो हे माझं मत.

समुद्रावरची खारट साय

कोकणातला धुरकटपणा हा बहुतेक वेळा मिठाचा असतो, आणि त्याची गंमत अशी की तो दिसत नाही. आरे-वारे किंवा गुहागरला संध्याकाळी किनाऱ्यावर अर्धा तास चाललं तरी पुढच्या काचेवर बारीक तुषारांचा थर बसतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, म्हणजे दमट संध्याकाळी तो थर ओला आणि पारदर्शक असतो, तुम्हाला काच स्वच्छच वाटते, आणि रात्री हॉटेलच्या एसी रूममध्ये तोच थर वाळून पांढरे ठिपके उमटतात. लोक म्हणतात किनाऱ्यावर काच नीट होती, रूमवर काय झालं. किनाऱ्यावरही ती नीट नव्हती.

आता यात भर म्हणजे आपली किनारपट्टी सगळी पश्चिमेकडे तोंड करून, सगळ्यांना हवा सूर्यास्त, म्हणजे सूर्य थेट समोर, आणि काचेवर मीठ. मिठाचा प्रत्येक थेंब उजेड पसरवतो, त्यामुळे सूर्याभोवती भलंमोठं पांढरं वलय, खालचे खडक करडे, आणि फोटो बघणारा म्हणतो लेन्स फालतू आहे. लेन्स बदलून इथे काडीचा फरक पडणार नाही.

पुसण्याची पद्धत महत्त्वाची आहे, कारण वाळलेलं मीठ आणि सोबत वाळूचा एखादा कण असताना कोरड्या फडक्याने घासलं तर कोटिंगवर ओरखडे पडतात आणि ते कायमचे. आधी ब्लोअरने वाळू उडवा. मग मायक्रोफायबर गोड्या पाण्याने ओलं करून, पिण्याचं पाणी चालेल, डिस्टिल्ड असेल तर उत्तम, काचेवर नुसतं टेकवा आणि उचला, घासू नका, मीठ पाण्यात विरघळून फडक्यात येऊ द्या, फडक्याचा कोपरा बदलत हे दोन-तीनदा करा. मग कोरडं फडकं, आणि शेवटी लेन्सचं लिक्विड. लेन्सपेन हे मीठ असताना अजिबात वापरू नका, ते नंतरच्या बोटांच्या डागांसाठी. फिल्टर लावलेला असेल तर काम फार सोपं, तो काढून नळाखाली धरायचा.

म्हणूनच समुद्रावर मी साधा पारदर्शक फिल्टर लावा म्हणतो, धुरकटपणा घालवायला नाही तर मीठ अंगावर घ्यायला. काही वेदर सील्ड, म्हणजे पाणी-धूळ अडवणाऱ्या, लेन्सचं सील पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्णच होत नाही, तुमच्या लेन्सच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, वाचा. पण सूर्य फ्रेममध्ये असताना तोच फिल्टर स्वतःचं एक भूत तयार करतो, सूर्याच्या विरुद्ध बाजूला हिरवट किंवा पांढरा गोळा दिसतो तो फिल्टरचा. म्हणून चालताना फिल्टर लावलेला, सूर्य पाण्याला टेकायला आला की फिल्टर काढून खिशात, दहा-पंधरा फोटो स्वच्छ काचेने, परत फिल्टर. दोन्हींचा फायदा मिळतो.

आणि खरं सांगू का, सूर्यास्ताचा हट्ट थोडा सोडा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना आपण, दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे पहाटे तुषार तुमच्या अंगावर न येता समुद्राकडे जातात, आणि सूर्य पाठीमागून येतो त्यामुळे खडकांचा रंग, पाण्याचा हिरवा, सगळं उलगडून दिसतं. देवगड-विजयदुर्गचा काळा-तांबडा खडक सकाळी सात वाजता बघा आणि संध्याकाळी बघा. पावसाळ्यात हे गणित चालत नाही, तेव्हा नैऋत्येचा वारा चोवीस तास समुद्राकडूनच असतो, आणि तेव्हा खडकांवर उतरूही नये.

पहाटे जाणार असाल तर भरती-ओहोटी बघून जा. मोबाइलवर वेळा मिळतात, नाहीतर कोकणातला जुना ठोकताळा आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येणारा आकडा म्हणजे भरतीची वेळ, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, त्याच्या पुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अंदाजच आहे, जागेनुसार थोडं मागेपुढे होतं. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग हा फक्त ओहोटीचा आहे, भरतीला तिथे ट्रायपॉड लावून बसलेला माणूस मला अजिबात बघवत नाही.

हवाच धुरकट असेल तर

बूट कडक आणि डोंगर फिका, ही केस. यात तुमच्या हातात कॅमेऱ्यापेक्षा कॅलेंडर जास्त आहे. मार्च ते मे सह्याद्रीत हवेत धूळ असते, वणव्यांचा धूर असतो, राजगडावरून तोरणा समोर असून नीट दिसत नाही. हिवाळ्यात सकाळी वरच्या उबदार हवेच्या थराखाली दरीतल्या थंड हवेत चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर अडकून राहतो, वर उन्हं चढली की तो हलतो. सगळ्यात स्वच्छ हवा मिळते ती पाऊस परतताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, आणि उन्हाळ्यात वळवाची एखादी जोरदार सर पडून गेल्यावरचे काही तास. वळीव पडला की दुसऱ्या दिवशी पहाटे गडावर असायचं, त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट दिशा. धूळ आणि बाष्पाचे कण उजेड पुढच्या दिशेला जास्त फेकतात, म्हणून सूर्याकडे तोंड करून बघितलं की धूर चमकतो आणि सूर्य पाठीशी घेतला की तोच धूर निम्मा वाटतो. कोकणकडा पश्चिमेला आहे, संध्याकाळी तिथून खाली कोकणात बघितलं तर सगळं पांढरं, सकाळी बघितलं तर गावं, नद्या मोजता येतात. शिवाय खाली धुकं आणि पाठीशी सूर्य असं जुळलं तर इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावरच्या आपल्या सावलीभोवतीचं गोल इंद्रधनुष्य, दिसायची शक्यताही सकाळचीच.

यूव्ही फिल्टरने हा धूर जात नाही. फिल्मच्या काळात त्याला अर्थ होता, डिजिटल सेन्सरच्या पुढेच यूव्ही अडवणारी काच असते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, मात्र थोडा उपयोगी आहे, सूर्याच्या दिशेला काटकोनात बघत असाल तर सगळ्यात जास्त, सूर्य समोर किंवा बरोबर पाठीमागे असेल तर जवळजवळ शून्य. त्याचा खरा फायदा ओल्या पानांवर आणि ओल्या कातळावर, चकाकी गेली की हिरवा एकदम हिरवा होतो, कास पठारावर किंवा कारवीच्या रानात वापरून बघा. तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि फार वाइड लेन्सवर आकाश एका बाजूला गडद दुसरीकडे फिकं असं डागळतं, तेव्हा अर्धाच फिरवा.

आणि हवा नाहीच सुधारली तर धुराशी भांडू नका. सत्तर-दोनशे मिमी किंवा तत्सम लांब लेन्स लावा, एकामागे एक डोंगररांगा घ्या, प्रत्येक रांग मागच्यापेक्षा गडद, तो फोटो स्वच्छ हवेत मिळतच नाही. वाइड लेन्सने धुरकट दरी काढण्यात मात्र काही हशील नाही.

धुक्यात एक्स्पोजरचा एक घोळ असतो तो इथेच सांगतो. कॅमेऱ्याला सगळं मध्यम करड्या रंगाचं करायची सवय, समोर पांढरं धुकं दिसलं की तो फोटो काळवंडवतो, मग धुकं धुकं न वाटता घाण वाटतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक ०.७ ते अधिक १ ठेवा, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकू द्या, फक्त उजव्या कडेला चिकटू देऊ नका.

धूर नाहीच, फोकस गेलाय

दाट धुक्यात ऑटोफोकसला पकडायला कडाच मिळत नाही, लेन्स पुढे-मागे करत राहते आणि शेवटी कुठेतरी थांबते. एकच फोकस पॉइंट निवडून तो गडद कडेवर टाका, बुरुजाची कड, झाडाचं खोड, भगवा झेंडा, काहीही, आणि लागला की मॅन्युअलवर टाकून ठेवा. लेन्सवरच्या अनंताच्या (∞) खुणेवर डोळे झाकून विसंबू नका, बऱ्याच लेन्स त्या खुणेच्याही पुढे जातात. लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून बघा.

समुद्रावर लोक पाणी रेशमी करायला एफ २२ वर जातात आणि मग फोटो मऊ आला म्हणून रडतात, एवढं छिद्र बारीक केलं की डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ होतं, एफ ८ ते एफ ११ वर थांबा आणि उजेड कमी करायला एनडी फिल्टर, म्हणजे गडद काच, वापरा. दुसरं, ओल्या वाळूत ट्रायपॉड नुसता ठेवलेला असतो, लाट परतताना पायाखालची वाळू सरकते आणि दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये कॅमेरा किंचित खचतो. पाय दाबून आत घाला, एक-दोन लाटा जाऊ द्या, मग शटर.

मोबाइलवाल्यांसाठी

निम्म्या लोकांचं उत्तर इथेच आहे. मोबाइलची लेन्स घामट खिशातून येते, बोटाचा तेलकट ठसा असतो, दिव्यांच्या आणि सूर्याच्या लांबलचक रेघा उमटत असतील तर तोच. पुसा. नाही गेला तर कॅमेऱ्यावर चिकटवलेली ती स्वस्तातली संरक्षक काच काढून टाका, तिच्या आणि मूळ लेन्सच्या मध्ये वाफ आणि धूळ साचते आणि काही केल्या निघत नाही. पावसाळ्यात गळ्यात अडकवायचं ते प्लास्टिकचं पारदर्शक पाऊच, त्याच्या आतून काढलेला फोटो धुरकटच येणार, मोबाइल गरम होतो, आतली दमट हवा प्लास्टिकवर वाफ धरते आणि प्लास्टिकला सुरकुत्या असतात त्या वेगळ्या. पाऊच फोन वाचवायला, फोटो काढायला नाही. आणि आयपी ६८ लिहिलंय म्हणून समुद्रात बुडवू नका, ती चाचणी गोड्या पाण्यातली असते.

काचेच्या आत

दोन प्रकार. ताजी वाफ आणि बुरशी.

ताजी वाफ म्हणजे पावसात लेन्स बदलली, किंवा पुढे-मागे लांब होणारी झूम लेन्स दिवसभर दमट हवा आत ओढत राहिली, आणि वर गारठल्यावर ती आतल्या काचेवर बसली. हेअर ड्रायर मारू नका, उन्हात ठेवू नका, ऊन दिलं की पाणी वाफ होऊन आतल्या आत दुसऱ्या गार कोपऱ्यात जाऊन बसतं, शिवाय बॉडीला लावलेली उघडी लेन्स सूर्याकडे राहिली तर आतला भाग जळू शकतो. कॅमेरा बंद, बॅटरी आणि कार्ड बाहेर, लेन्स वेगळी, हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल घालून एक-दोन दिवस. तांदूळ नको, त्याची पूड आत जाते आणि तो ओलावाही फारसा ओढत नाही. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले, नारिंगी दाणे हिरवे होतात. शक्यतो नारिंगीच घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं आणि ते तापवायला स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. नारिंगी दाणे वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवले की परत कामाला येतात.

बुरशी ही घरी लागते, डोंगरावर नाही. पावसाळ्यात आपल्याकडे घरातली आर्द्रता ८० च्या वर सहज असते आणि ६०-६५ च्या वर ती वाढायला मोकळी. चामडी केस, कपड्यांचं कपाट, न वाळवलेली सॅक, या तीन जागा टाळा. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा, फार खालीही नको, रबर आणि वंगण सुकतं. महागडी ड्राय कॅबिनेट घ्यायलाच हवी असं नाही.

टॉर्चमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कोवळ्या उन्हाने ती मरेल कदाचित, पण काचेवर पडलेली खूण जात नाही.

डीहेझबद्दल थोडं, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. हवेतल्या धुरासाठी ते ठीक आहे, पूर्ण फोटोवर न ओढता मास्क करून फक्त मागच्या डोंगरांवर, १५-२० पर्यंत, आणि तेही कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल असेल तरच, जेपेगमध्ये आकाशात डाग उमटतात. काचेवरच्या मिठासाठी किंवा वाफेसाठी ते वापरलं तर वलय आणखी उठून दिसतं आणि सावल्या निळ्या होतात, असा फोटो सोडून द्या.

दोन दिवस सिलिकात ठेवूनही आतली वाफ गेली नाही, किंवा वाळल्यावर आत पांढरट डाग राहिले, तर ते घरचं काम नाही. खारं पाणी आत गेल्याचा नुसता संशय असला तरी बॅटरी लगेच काढा, चालू होतोय का म्हणून बघू नका आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला द्या, मीठ थांबत नाही. बुरशीला मात्र एवढी घाई नसते. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली, असेल तर सफाईचा खर्च आधी विचारून घ्या आणि त्याच लेन्सचा सेकंडहँडचा भावही बघा, बऱ्याचदा सफाईच महाग पडते. धागे काठावरच असतील तर तशीच वापरा, फक्त सूर्य फ्रेममध्ये घेऊ नका.